शुक्रवारच्या वड्या

पांढुर्णा
१४ नोव्हेंबर २०२४

ती. मावशीस,
तृप्तीचा साष्टांग नमस्कार.

आई गेल्यापासून सुखदेवजींच्या बसमधून आपल्या घरची चिठ्ठी गेली नाही. आज मीच नेऊन दिली. ते म्हणाले, "तुझी माय दर पंधरा दिवसांनी देत होती, तू दोन वर्षांनी देऊन राहिली." फोन करता आला असता, पण बाबा फोन स्पीकरवर टाकूनच बोलतात आणि भिंतीपलीकडच्या घरी सगळं ऐकू जाते. हे बोलणं तसं नाही.

मोहगावचा एक रिश्ता आला आहे. मुलाचं नाव वीरेंद्र. छिंदवाड्याला सरकारी शाळेत शिकवतात, तिथंच खोली करून राहतात. मोहगावच्या घरी आई आहे, रजनीबाई, आणि लहान बहीण सुप्रिया. वडील नाहीत. फोटो त्यांना पसंद आहे, आता बघायला येतो म्हणतात.

मावशी, तुला तर माहीत आहे, मला एकोणतीस संपून राहिले. बाबांच्या हृदयात नळी टाकल्यापासून त्यांनी एकच धरलं आहे. हे जमलं नाही तर अमरावतीच्या त्या गृहस्थांना हो कळवतो म्हणतात. बायको वारलेली, दोन मुलं, वय बाबांपेक्षा थोडंच कमी. मी बोलून काय करू.

मोहगाव तुझ्यापासून हाकेवर आहे. जरा चौकशी कर. माणसं कशी आहेत, त्यांना काय चालते, काय चालत नाही. आई असती तर तिनं केलं असतं. आता तूच आहेस.

मावसाजींना नमस्कार. चंचलला सांग, तिच्या वाढदिवसाचा केक उधार आहे.

तुझी,
तृप्ती


॥ श्री मारुती प्रसन्न ॥

सौंसर
१६ नोव्हेंबर

चि. तृप्तीस,
मनकर्णामावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी वाचून डोळ्यांत पाणी आलं. अक्षर अगदी ताईसारखं. मी हे कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून राहिली, राग मानू नको, कोरी बाजू टाकून द्यायला जीव होत नाही.

आज शनिवार, जामसांवलीला जाऊन आली. तुझ्या नावानं मारुतीला तेल वाहिलं. रजनीबाईंना मी ओळखते, मंदिरात दिसतात. मोठ्या धर्माच्या बाई आहेत. घरात कांदा-लसूण चालते, अंडं मात्र उंबऱ्याच्या आत नाही. मुलगा सरळ, नोकरी पक्की. असं घर मिळायला पुण्य लागते. मी तर म्हणते, ज्या मुलीचं नशीब असेल तिचंच.

माझं ऐकशील तर शुक्रवारी बोलाव, २२ तारखेला. देवीचा वार आहे. मी त्यांच्या कानावर घातलं आणि त्यांना पसंद पडलं. तू फक्त भाऊजींना हो म्हणायला लाव.

आता खायचं. पोहे आणि चिवडा तर प्रत्येक घरी देतात, त्यानं कोणी लक्षात राहत नाही. तू ते ओव्हनमध्ये करतेस ना, चीजकेकच्या वड्या, मागच्या दिवाळीला पाठवल्या होत्या तशा. त्या कर. तुझ्या हातात गुण आहे तो दिसू दे. त्यात आपला संत्रा घाल, म्हणजे मुलगी घरच्या चवीची आहे असं वाटेल. बागेतले चांगले निवडून सुखदेवजवळ पिशवीभर पाठवते. पिशवी परत कर.

मावशी
मनकर्णा


पांढुर्णा
१८ नोव्हेंबर

ती. मावशीस सा. नमस्कार.

पिशवी पोचली, याच चिठ्ठीबरोबर परत पाठवते. संत्रे इतके रसाळ की सोलताना बाबांचं बनियन भिजलं.

काल एक घाणा करून पाहिला. दही रात्रभर मलमलच्या फडक्यात टांगलं होतं, त्याचा चक्का निघाला. अर्ध्या चक्क्यात अर्धं पनीर वाटून घातलं, विकतच्या चीजसारखं होते आणि कोणाच्या बापाला फरक कळत नाही. अंडं नाही, त्याच्याजागी कॉर्नफ्लोअर. आटवलेलं दूध, लिंबू, संत्र्याचा रस आणि किसलेली साल. खाली बिस्किटांचा चुरा लोणी घालून वाटीच्या बुडानं दाबला. ट्रे गरम पाण्याच्या दुसऱ्या ट्रेमध्ये बसवून मंद भाजलं, नाही तर वरून भेगा पडतात, उन्हाळ्यातल्या शेतासारख्या. मधला भाग जरासा हलत असतानाच बंद करावं लागते. पूर्ण घट्ट होईपर्यंत थांबलं की रबर होते. हे आईला कधी जमलं नाही, ती दर पाच मिनिटांनी दार उघडून बघायची.

बाबांनी खाल्लं आणि म्हणाले, "श्रीखंडाला इस्त्री केली वाटते." म्हणजे आवडलं.

पण मावशी, एक वाटते. संत्रा घातल्यावर जरा आंबट लागते. मला ते आवडते, पण जुन्या माणसांना गोडात आंबट चालते का? नाही तर मी साध्या करते, वेलची घालून. तू म्हणशील तसं.

आईची हिरवी साडी काढली आहे. फॉल निघाला होता, लावला.

तृप्ती


॥ श्री मारुती प्रसन्न ॥

सौंसर
२० नोव्हेंबर

चि. तृप्तीस आशीर्वाद.

घाईत लिहिते, सुखदेव थांबला आहे.

संत्रा काढू नको. साध्या वड्या तर हलवाईही करतो. आंबट लागते तर साखर वाढव, वरून थोडी आटवलेल्या दुधाची साय पसरव. आंबट दडलं पाहिजे, जिभेला कळलं नाही पाहिजे. एवढं सांभाळ म्हणजे झालं.

आणि एक. खाण्याआधी कृती सांगत बसू नको, बढाई वाटते. त्या आवडीनं खातील, दुसरी मागतील, तेव्हा सांग. दही किती वेळ टांगलं, लिंबू किती, संत्रा कुठला, सगळं सांग. तेव्हा त्यांना कळेल, पोरीनं किती मेहनत केली. रजनीबाईंना समोर बसव, पहिली वडी त्यांच्याच हातात दे.

मी आली असती, पण माझ्या गुडघ्यांनी बस चढवत नाही. मन तिथंच आहे.

मावशी


पांढुर्णा
२४ नोव्हेंबर

ती. मावशीस,

तुला फोनवर बाबांनी सांगितलं असेल. त्यांनी कसं सांगितलं मला माहीत नाही, म्हणून मी सांगते.

ते तिघं अकराला आले. वीरेंद्र खाली मान घालून बसले होते, मोबाइल हातात उलटा धरलेला. सुप्रिया चांगली वाटली, आल्याआल्या म्हणाली, "ताई, घर तर बेकरीसारखं गमकून राहिलं." रजनीबाई हसून बोलत होत्या. मला जवळ बसवलं, हात पाहिला, म्हणाल्या, "हात थंडे आहेत वं तुझे. घाबरू नको, आम्ही काही खात नाही माणसं."

मी सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, सरळ वड्या कापल्या. पहिली त्यांना दिली. त्या म्हणाल्या, "माझा उपास आहे, पण गोड चालते." एवढंच म्हणाल्या, मावशी. कशाचा उपास ते मी विचारलं नाही, मला वाटलं शुक्रवारचा देवीचा असेल, माणसं करतात. त्यांनी खाल्ली. म्हणाल्या, "बासुंदीची केली का बर्फी?" आणि हात पुढे केला, दुसरी घेतली.

मग तू म्हटलं होतं तसं मी सांगितलं. दही टांगलं होतं, लिंबू घातलं, सौंसरचा संत्रा आहे.

त्यांचं तोंड थांबलं. म्हणाल्या, "कायचं?"

मी परत सांगितलं. मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. मी मोठ्यानं सांगितलं, मावशी. दही, लिंबू, संत्रा.

त्या धावत अंगणात गेल्या आणि तुळशीजवळ तोंडात बोटं घालून ओकल्या. संतोषीमातेचे सोळा शुक्रवार करून राहिल्या आहेत. आंबट खायचं नाही, शिवायचं नाही, कोणाला द्यायचंही नाही. उद्यापनाला आलं होतं व्रत. सगळं गेलं. वीरेंद्रनं तांब्या आणून दिला. त्या चुळा भरत होत्या आणि म्हणत होत्या, "साखरेत लपवून चारलं मले. तोंड पाहून देऊन राहिली होती. जिनं माझ्या मातेचं व्रत मोडलं, तिची ओटी कोरडीच राहीन."

बाबा हात जोडून उभे होते. त्या बाबांना म्हणाल्या, "तुमी हात नका जोडू, तुमची पोरगी हसत होती." मी हसत होती, खरं आहे. त्यांनी दुसरी वडी घेतली म्हणून हसत होती.

अर्ध्या तासात गल्लीत सगळ्यांना माहीत झालं.

मावशी, तू त्यांना ओळखत होतीस. तुला नव्हतं का माहीत? मी आरोप करत नाही. फक्त विचारते.

तृप्ती


॥ श्री मारुती प्रसन्न ॥

सौंसर
२७ नोव्हेंबर

चि. तृप्तीस आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी वाचून दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

मला कसं माहीत असणार बाई? मंदिरात कोणी आपलं व्रत सांगत फिरते का? सांगितलं तर फळ कमी होते. आणि समोरच्या माणसानं उपास आहे म्हटलं तर मुलीच्या जातीनं विचारू नये, कशाचा? एवढं तर घरात शिकवलं जाते. ताई शिकवायची राहून गेली असेल, तिचा दोष नाही, तिला वेळच मिळाला नाही.

तुझ्या मनात काही वाईट नव्हतं हे मी जाणते. पण व्रताला मन दिसत नाही, जीभ दिसते. तू अकरा मंगळवार कर. आणि ते ओव्हन काही दिवस झाकून ठेव. लोकांचे वाढदिवसाचे केक आता तुझ्याकडून कोणी घेईल असंही वाटत नाही, त्यापेक्षा आपणच बंद केलेलं बरं. विजेचंही बिल वाचेल.

अमरावतीच्या पाहुण्यांनी नाही कळवलं असं ऐकलं. खबर तिथपर्यंत कशी गेली कोण जाणे. त्यांचीही आई संतोषीमाता मानते म्हणे. भाऊजींना जप.

मावशी


॥ श्री मारुती प्रसन्न ॥

सौंसर
२३ डिसेंबर

चि. तृप्तीस आशीर्वाद.

महिनाभर तुझी चिठ्ठी नाही. मीही मुद्दाम लिहिलं नाही, जखमेवर हात नको म्हणून. आता लिहिणं भाग आहे, दुसऱ्याच्या तोंडून ऐकशील तर तुला वाईट वाटेल.

जामसांवलीला रजनीबाई भेटल्या. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "ती तुमचीच भाची ना?" माझी मान खाली गेली. मी त्यांच्या पाया पडली, वयानं मोठी असून. म्हटलं, आमच्या घरच्या मुलीनं पाप केलं, आमच्याच घरच्या मुलीनं फेडलं पाहिजे. माझी चंचल घ्या. त्या आधी तयार नव्हत्या. मग काल येऊन बघून गेल्या. चहा आणि पोहे दिले. पसंद आहे. पौष लागायच्या आधी बोलणं पक्कं करून घेतलं, लग्न १६ फेब्रुवारीला.

हे मी तुझ्यासाठीच केलं असं समज. त्या घरचा शाप निघाला म्हणजे तुझाही मार्ग मोकळा होईल.

दोन गोष्टी. लग्नात भाऊजींनी एकट्यांनी यावं. तू आलीस तर मांडवात नको ते बोलणं निघेल, ते चंचलच्या अंगावर नको. तू समजदार आहेस.

दुसरं, ताईची एकदाणी. ती तुझ्या लग्नासाठी ठेवली होती, पण आता ते कधी होईल काय माहीत. सोनं डब्यात ठेवून त्याला कोंब फुटत नाहीत. चंचल तुझी मावसबहीण आहे, तिच्या गळ्यात पडली तर ताईच्या आत्म्याला बरंच वाटेल. सुखदेवजवळ देऊ नको, भाऊजींच्या हाती पाठव.

मावशी


सौंसर
२६ डिसेंबर

तृप्तीताई,

आईला न सांगता लिहून राहिली. आई मंदिरात गेली आहे. चिठ्ठी मीच स्टँडवर नेऊन देईन. फोनचं तर तुला माहीतच आहे, माझा फोन आई रोज पाहते.

ताई, मला लाज वाटून राहिली तुला हे विचारायला. ज्यांनी तुला असं बोललं त्यांच्या घरी मी जाऊन राहिली. मी आईला म्हटलं, ताईला काय वाटेल, तर म्हणाली, ताईचं पाप आहे, तुझं पुण्य आहे. मला असं पुण्य नको वाटते.

ते आले होते तेव्हा माझ्याशी दोनच वाक्यं बोलले. एक, "बी.ए. कोणत्या कॉलेजातून?" दुसरं, "पंखा कमी करा." थंडीत पंखा कोणी लावला होता तेही माहीत नाही. माणूस कसा आहे, यावरून काय कळणार?

तू त्यांना जवळून पाहिलं आहे. त्यांची बहीणही तुझ्याशी बोलली होती म्हणे. तू सांग. बाबा माझं ऐकतात. तू नाही म्हटलंस तर मी आजच बाबांना सांगून मोडते, आई कितीही रडली तरी. तू हो म्हटलंस तर मग मी कोणाला काही विचारणार नाही.

लहानपणी मला विहिरीत वाकून पाहायची हौस होती आणि तू माझी वेणी धरून उभी राहायचीस. तसंच समज.

चंचल

ता.क. तू लग्नात येणार नाहीस असं आई म्हणते. माझ्यावर रागावली आहेस का?


पांढुर्णा
२८ डिसेंबर

प्रिय चंचल,

रागावली नाही. तुझ्यावर कशाला रागावू?

माणूस वाईट वाटला नाही. आईला त्रास झाला तर धावत पाणी आणून दिलं, आवाज चढवला नाही. सुप्रिया तर फारच चांगली आहे, तुला मैत्रीण होईल. सरकारी नोकरी आहे. सासू कडक आहे, पण कुठली नसते.

हो म्हण.

एकदाणी बाबांबरोबर पाठवते. तुला शोभेल.

तुझी ताई


पांढुर्णा
२० फेब्रुवारी २०२५

श्रीमती मनकर्णाबाईंस,

लग्न चांगलं झालं असं बाबांनी सांगितलं. वांग्याची भाजी तिखट होती म्हणाले. तुम्ही त्यांना पहिल्या पंगतीत बसवलं नाही तेही म्हणाले, सहज, मला ऐकू जावं म्हणून नाही.

तुम्हाला तीन महिने चिठ्ठी लिहिली नाही, कारण लिहायला बसली असती तर हे लिहिलं गेलं असतं, आणि हे लग्नानंतरच लिहायचं होतं.

दत्तजयंतीच्या दिवशी सुप्रिया आमच्या घरी आली होती. मोहगावहून एकटी. आईला खोटं सांगून. मी दार उघडलं तर म्हणाली, "ताई, मले आत घेशील का?" मी चहा केला. तिनं कप हातात धरला आणि रडायला लागली. म्हणाली, "माझ्या आईनं तुले जे शाप दिले ना, ते तुले लागत नाही. तू वाचली."

तिनं सांगितलं की रजनीबाई दर शनिवारी जामसांवलीला आदल्या दिवशीच्या व्रताचा गूळ-चण्याचा प्रसाद आणतात, आणि तुम्हाला देतात. श्रावणापासून. उद्यापनाला जेवू घालायची मुलं तुम्ही तुमच्या मोहल्ल्यातून पाठवणार होतात, नावंसुद्धा सांगून ठेवली होती. म्हणजे तुमच्या हातात तो गूळ होता, आणि दुसऱ्या हातानं तुम्ही मला लिहिलं, आंबट दडलं पाहिजे. ती चिठ्ठी माझ्याजवळ नाही, मी चुलीत टाकली. मला ती पाठ आहे.

ऐकून मला रडू आलं नाही. मी कप विसळले. आई म्हणायची, माय मरो पण मावशी उरो. तिला ते खरं वाटत होतं, म्हणून मरताना तिनं माझा हात तुमच्या हातात दिला.

आता पुढचं. तुम्ही व्रत आहे एवढं शोधलं. ते कशासाठी आहे हे मात्र तुम्ही एकदाही विचारलं नाही. तुम्हाला वाटलं मुलाच्या लग्नासाठी असेल, आयांचं असंच असते. मीही सुप्रियाला विचारलं नाही, तिनंच सांगितलं.

वीरेंद्रची छिंदवाड्याला खोली नाही, घर आहे. त्यात एक बाई आहे आणि तीन वर्षांची मुलगी. त्यानं तिच्याशी लग्न केलं नाही, पण सोडतही नाही, आणि सोडणारही नाही असं आईला तोंडावर सांगितलं आहे. रजनीबाईंचे सोळा शुक्रवार त्यासाठी होते, त्या बाईपासून मुलगा सुटावा म्हणून. सून त्यासाठीच पाहिजे होती. मुलगा वळला तर वळला, नाही वळला तर घरात एक बाई राहील, सण होतील, गावाला दिसेल. सुप्रिया म्हणाली, "मी तुलेही सांगणारच होती त्या दिवशी, पण आईसमोर तोंड उघडलं नाही माझं."

हे मला १४ डिसेंबरला माहीत होतं. चंचलचं पक्कं २२ ला झालं. तुमची चिठ्ठी मला २३ ला निघाली. तेव्हापासून लग्नापर्यंतचे सगळे दिवस माझ्या हातात होते.

चंचलनं मला चिठ्ठी लिहून विचारलं होतं. तुम्हाला न सांगता. तू नाही म्हण, मी मोडते, असं लिहिलं होतं. मी चिठ्ठी पुढ्यात ठेवून दोन दिवस बसली. पहिलं पत्र मी खरं लिहिलं होतं, सगळं. मग ते फाडलं आणि लिहिलं, हो म्हण.

सुप्रियानंही चंचलला सांगितलं नाही. पक्कं झाल्यावर तिनं मला विचारलं, तेव्हा मी म्हटलं होतं, मी सांगते, चंचल माझी बहीण आहे. ती माझ्यावर विसंबून राहिली.

मला याचं वाईट वाटत नाही असं नाही. पण तुमचा चेहरा डोळ्यांसमोर आणला की कमी वाटते.

आता मुलगी परत आणायची की ठेवायची, तुमचं तुम्ही ठरवा. तुम्हाला तर ठरवता चांगलं येते.

तृप्ती नत्थूजी


सौंसर
२५ फेब्रुवारी

तृप्ती,

तुझी चिठ्ठी मी मावसाजींना वाचू दिली नाही. त्यांना बीपी आहे.

मी मोहगावला जाऊन आली. रजनीबाईंना विचारलं. त्यांनी नाही म्हटलं नाही. म्हणाल्या, पुरुष आहे, घरची बायको पाहून वळतो, वर्षभर लागते. मग पान वाढलं. मी जेवली. पुरणपोळी केली होती. चंचल वाढत होती, नवी साडी होती, मला म्हणाली, "आई, तू काऊन अशी बसली आहे?" मी म्हटलं, गुडघे दुखतात.

तिला मी आणत नाही. आणलं तर सौंसर काय म्हणेल, आणि दुसरं घर तिला कोण देणार? माझ्या नशिबी हे लिहिलं असेल तर मी भोगीन.

मी काय केलं ते मला देव विचारील, तू विचारू नको. मी एका मुलीचा रिश्ता मोडला. तू जिवंत मुलगी विहिरीत लोटली, वेणी हातात असून. हो, तिनं मला ते सांगितलं, तुला लिहिलं होतं ते. तिला अजूनही वाटते की तू तिच्या भल्यासाठीच हो म्हटलं.

तिला सांगू नको. माझ्यासाठी नाही. तिच्याजवळ आता तेवढंच आहे.

मनकर्णा


मोहगाव
१९ मार्च २०२५

तृप्तीताई,

ही चिठ्ठी सुप्रिया नेऊन देईल. ती फार रडते, मलाच तिला समजवावं लागते.

तुला ऐकून वाईट वाटेल, म्हणून बसून वाच. यांचं छिंदवाड्याला दुसरं घर आहे. मला होळीच्या दिवशी कळलं. हे अंघोळीला गेले होते आणि फोन वाजला, मी उचलला. एक लहान मुलगी होती, म्हणाली, "पप्पा, कब आओगे, रंग लाना." मी म्हटलं, "आएंगे बेटा." दुसरं काय बोलणार. आवाज गोड होता तिचा.

यांनी काही लपवलं नाही मग. म्हणाले, "तुला इथं काही कमी पडू देणार नाही." शनिवारी येतात, रविवारी जेवून जातात. सासूबाईंनी माझ्याकडून नव्यानं शुक्रवार सुरू करवले. मी गूळ-चणे हातात घेऊन कथा वाचते आणि त्या समोर बसून पाहतात, मी मनापासून वाचते की नाही. एका शुक्रवारी माझ्या हातून ताकाचं भांडं पुसलं गेलं, तर दुपारभर अंगणात उभं केलं. उन्हात. शेजारच्या बाया पाहत होत्या.

आईला सांगितलं. मला वाटलं चक्कर येईल तिला, पण ती नुसती बसून राहिली आणि म्हणाली, रहा तिथंच. ताई, मला असं वाटलं तिला आधीच माहीत होतं. कधीपासून ते मला विचारायचंही नाही. मी तिच्या घरी पाय ठेवणार नाही आता. बाबांना अजून कोणी सांगितलं नाही, मी सांगितलं तर त्यांचं काही होईल.

एक गोष्ट चांगली झाली. सासूबाईंनी ती वडी खाल्ली म्हणून तू वाचलीस. मी रात्री हेच म्हणते, बरं झालं ताई नाही इथं. तुला मी विचारलं तेव्हा तुला तरी काय दिसलं असतं, अर्ध्या तासात? मनाला लावून घेऊ नको. तू मनाला लावून घेतेस, मला माहीत आहे.

मी शनिवारी निघून राहिली. हे घरी यायच्या आधी. सुप्रिया सासूबाईंना मंदिरात घेऊन जाईल, तेवढा वेळ मिळेल. ज्यांना विचारावं ते सगळे परत जा म्हणतील, म्हणून कोणाला विचारलं नाही. तुझ्याकडेच येते. काही दिवस राहीन, मग काय ते तू आणि मी मिळून पाहू.

दुपारची बस आहे. सामान एक पिशवी. स्टँडवर ये, एकटीनं तुझ्या गल्लीत शिरायला मला भीती वाटते.

तुझी,
चंचल